सलग तीन तास

माझी कापडाची कात्री कागदाला लावलेली मला खपत नाही. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, कागद कापला की धार गेलीच म्हणून समजा. मग ती कात्री कापड कापत नाही, चावते. आमच्या वन्संना हे मी नऊ वर्षांत किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. दर वेळी त्या म्हणायच्या, "अगं मिरचे, चुकून घेतली गं." आणि दर वेळी पात्यांमध्ये गणिताच्या कागदाचे कपटे सापडायचे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि मिरची म्हणजे मी. नाव त्यांनीच ठेवलं, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, आणि खोटं कशाला बोलू, चुकीचं नाही ठेवलं. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. अठ्ठावीस वर्षं एका शाळेत वरच्या वर्गांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलं. मग शाळेनं वरचे वर्गच बंद केले, यांच्या हातात फुलं दिली आणि घरी पाठवलं. भाड्याची खोली सोडून त्या आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या. त्या चार दिवसांना आता नववं वर्ष चालू आहे.

माझा नवरा बस चालवतो. तो सकाळी जातो तो संध्याकाळीच उगवतो, आणि ताईचा विषय निघाला की म्हणतो, "तुमचं तुम्ही बघा." मग बघायचं मीच. तीन खोल्यांचं घर, एका खोलीत माझं शिलाई मशीन, लोकांच्या पँटी, बदलायच्या चेनी, उसवलेली अस्तरं. जेवायचं टेबल होतं ते वन्संनी बळकावलं. सुरुवातीला मी फार चिडायचे. भांडी आपटायचे. त्या टेबलावरून मान वर न करता म्हणायच्या, "आज फोडणीपेक्षा तूच जास्त तडतडतेयस." मग हसू यायचं, आणि हसू आलं की भांडण पुढे कसं न्यायचं, सांगा.

टेबलावर काय चालायचं, तर शिकवणीची तयारी. पण ही शिकवणी चारचौघांसारखी नव्हती. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचे क्लास असतात ना, रोज संध्याकाळी चार-चार तास, त्यातलं नव्हे. वन्संचं म्हणणं असं, की शाळेत मागच्या बाकावर जी पोरं पेंगायची, ती आळशी नव्हती. ती शाळा सुटल्यावर कुठेतरी राबायची. "ज्याच्याकडे रोज चार तास आहेत त्याला माझी गरज नाही," त्या म्हणायच्या. "मला ज्याच्याकडे वेळ नाही तो पाहिजे." मग त्यांनी अशीच पोरं धरली. एक बेकरीच्या काउंटरवर, एक बापाच्या गॅरेजमध्ये, एक घरी दोन जुळ्या भावांना सांभाळणारी. पोरांना यायला जमायचं नाही, म्हणून याच जायच्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, दोन-दोन बस बदलून.

आणि पिशवीत चिठ्ठ्या. जुन्या परीक्षांचे पेपर आणायचे, एकेक प्रश्न कापून वेगळा करायचा, मागे उत्तर लिहायचं. हीच ती माझी कात्री खाणारी भानगड. चिठ्ठ्या पाकिटांत भरायच्या आणि पाकिटांवर लिहायचं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. कुठलंही पोर भेटलं की 'कशी आहेस, कसा आहेस' असलं काही नाही, थेट प्रश्न, "आत्ता किती वेळ आहे?" पोर म्हणालं दहा मिनिटं, की दहाच्या पाकिटातली चिठ्ठी त्याच्या हातात. गिऱ्हाईक आलं, भाऊ रडला, बापानं बोलावलं, की चिठ्ठी खिशात. परत वेळ मिळाला की परत काढायची. आख्ख्या परिसरात त्यांना चिठ्ठीवाल्या बाई म्हणायला लागले. मी म्हणायचे, पोपट तेवढा राहिलाय बाळगायचा.

पण पोरं शिकायची हो. ज्यांना पुस्तक उघडायला सवड नव्हती ती पोरं पाव बांधता बांधता समीकरणं सोडवायची. बरीचशी कुठे ना कुठे कॉलेजला लागली. मोठ्या परीक्षेत मात्र, सरकारी कॉलेजच्या, दर वर्षी घोडं थोडक्यात अडायचं. मागच्या वर्षी ती जुळ्यांची ताई. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ती जे प्रश्न सोडवायची ते बघून वन्सं मला घरी येऊन सांगायच्या, "ही पहिल्या शंभरात येणार." परीक्षेत तिचा अर्धा पेपर कोराच राहिला. आमच्या दारात उभं राहून ती सांगत होती, "बाई, मला बसवेचना." आणि वन्सं, ज्या कधी कुणाला टाकून बोलत नाहीत, त्या बोलून गेल्या, "तू मनावरच घेतलं नाहीस." पोर मान खाली घालून गेली. मी मशीनवर होते, मला सगळं ऐकू आलं.

यंदा होती चिमी.

आमच्यापासून चार गल्ल्या सोडून लाँड्री आहे, ती चिमीच्या वडिलांची. पुढे काचेचं काउंटर, दाराला घंटी, मागे लोखंडी दांडीवर प्लॅस्टिकमध्ये लटकणारे कोट, आणि त्यांच्याही मागे वाफेची मोठी इस्त्री, दिवसभर फुसफुसणारी. वडील तिथे उभे. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं पूर्वी कधीतरी त्याच इस्त्रीत भाजली, ती धड मिटत नाहीत. त्यामुळे कॉलरला नंबराचा बिल्ला टाचणं, पावती लिहिणं हे त्यांना होत नाही. आई इस्पितळात आया आहे, सकाळी सातला जाते ती संध्याकाळी येते. म्हणून सकाळी शाळा आणि दुपारी अडीचपासून रात्री दुकान बंद होईस्तोवर काउंटर चिमीचं.

ही पोर म्हणजे यंत्रवेडी. सोळा वर्षांची असताना इस्त्रीची वाफ गळायला लागली, मिस्त्री म्हणाला चार दिवस लागतील. चार दिवस दुकान बंद ठेवून कसं चालेल. हिनं शाळेचं पुस्तक शेजारी उघडं ठेवून झडप खोलली, आतलं रबर बदललं आणि संध्याकाळपर्यंत इस्त्री चालू केली. तेव्हापासून डोक्यात एकच, यंत्रांची इंजिनिअर व्हायचं. सरकारी कॉलेज मिळालं तरच शक्य होतं, आणि ते त्या परीक्षेतूनच. वडिलांनी एकदा समोर बसवून सांगितलं होतं, "चिमे, एकदा बस. जमलं तर जा, मी आडवा येणार नाही. नाही जमलं तर दुकान. दर वर्षी हा जीवाला घोर मला नाही झेपायचा." माणूस वाईट नाही. थकलेला आहे.

वन्सं आठवड्यातून तीनदा तिथे जायच्या. गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत चिठ्ठ्या चालायच्या. एकदा तर गंमत झाली. घाईघाईत चिमीनं नंबराच्या बिल्ल्याबरोबर चिठ्ठीच एका कोटाला टाचली आणि कोट घरी गेला. चार दिवसांनी कोटाचे मालक, म्हातारेसे गृहस्थ, चिठ्ठी घेऊन हजर. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचं गणित त्यांनी सुंदर आकृती काढून सोडवलं होतं, आणि उत्तर चुकलेलं होतं. वन्संनी तिथल्या तिथे लाल पेन काढून त्यांना निम्मे मार्क दिले. म्हातारबाबा खूश होऊन गेले, आणि पुढच्या कोटाबरोबर आणखी एक चिठ्ठी मागून घेतली.

परीक्षेला सहा आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. वन्सं टेबलावर चिठ्ठ्यांचे ढीग लावत म्हणाल्या, "मिरचे, या पोरीला आता येत नाही असा एक प्रश्न राहिला नाही." मी एका पँटची कंबर उसवत होते. मी सहज विचारलं, "मी पँट शिवली की गिऱ्हाइकाला एकदा घालून बघायला लावते. पाय वेगळे, खिसे वेगळे कितीही चांगले झाले तरी अंगावर चढल्याशिवाय काय कळतं. तुम्ही आख्खा पेपर एकदा घालून बघितलाय का हिला?"

बघितलाच नव्हता. हिला नाही आणि आजवर कुणालाच नाही. तीन तास मोकळे असलेलं पोरच त्यांच्याकडे नव्हतं, तर बघणार कशी.

लाँड्री आठवड्यातून एक दिवस बंद असते. त्या दिवशी चिमी आमच्याकडे आली. टेबल रिकामं केलं, नव्वद प्रश्नांचा पेपर, समोर घड्याळ. मी मशीन बंद ठेवलं आणि हातानं बटणं लावत बसले. पहिली पंधरा मिनिटं काय सांगू, पोरीचं पेन थांबत नव्हतं. वन्संचा चेहरा नुसता उजळलेला.

मग चिमीनं मान वर केली आणि दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. परत खाली बघून लिहायला लागली. थोड्या वेळानं परत मान वर. मग उठून पाणी प्यायली. मग बसली. परत उठली आणि माझ्याजवळच्या पँटींची चळत नीट घड्या घालून लावली. मी म्हटलं, "अगं, ते कशाला करतेस?" तर ती माझ्याकडे बघायलाच लागली. आपण घड्या घालतोय हे तिच्या गावीच नव्हतं. दीड तास झाला आणि तिनं पेन खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "बाई, येतंय सगळं. पण बसवत नाहीये."

ते वाक्य वन्संनी आधी ऐकलं होतं.

एक्केचाळीस प्रश्न झाले होते, त्यातले अडतीस बरोबर. वन्संनी माझ्याकडे हात केला. मी न बोलता कात्री दिली. हो, कापडाची. त्यांनी न सोडवलेल्या भागातला सगळ्यात अवघड प्रश्न कापला, त्याची चिठ्ठी केली आणि चिमीच्या हातात ठेवली. पोरीनं उभ्या उभ्या दोन मिनिटांत सोडवला.

तिला पोचवून आल्यावर वन्सं जेवल्या नाहीत. मी ताट पुढे ठेवलं, मागे नेलं, परत ठेवलं. शेवटी म्हटलं, "रडायचं असेल तर मोकळं रडा, पण उपाशीपोटी रडू नका, मला घास उतरत नाही." तेव्हा बोलायला लागल्या.

"मीच शिकवलं गं हिला दर पंधरा मिनिटांनी उठायला. मीच. आणि त्या जुळ्यांच्या ताईला मी काय बोलले होते ते आठवतंय का तुला?"

"आठवतंय."

"तिनं खरं तेच सांगितलं होतं. आणि मी तिला..."

मी म्हटलं, "अहो, त्या पोरांकडे तीन तास नव्हतेच. तुम्ही आहे त्यात शिकवलंत. कुणी ढुंकून बघत नव्हतं त्यांच्याकडे."

"मागितले कुठे मी तीन तास? एकाच्या तरी आईबापाकडे मागितले? मला भीती वाटायची. म्हणायचे, मागायला गेले आणि त्यांनी चिठ्ठ्यासुद्धा बंद केल्या तर? म्हणून मी आपली गपचूप तुकडे वाटत राहिले."

मी तोंडाळ बाई, पण त्या दिवशी त्यांच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, चल. जुळ्यांची ताई एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर कामाला लागली होती. वन्संनी एक साबणाची वडी घेतली आणि तिच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी मागे. पाळी आली तेव्हा पोर बावरली, "बाई, तुम्ही?" वन्सं म्हणाल्या, "तुझं डोकं चांगलं आहे. चूक माझी होती. तुला बसायची सवय मी कधी लावलीच नाही आणि बोल तुला लावला. माफ कर मला."

पोरीनं साबण यंत्रासमोर धरला, तो एकदाच्या ऐवजी तीनदा वाजला. "बाई, मागे रांग आहे," एवढंच म्हणाली. मग बाहीला डोळे पुसले आणि साबण पिशवीत घालून दिला. बाहेर आल्यावर वन्सं बराच वेळ ती पिशवी धरून उभ्या होत्या.

तिथून तडक लाँड्री. चिमी शाळेत होती. वडील इस्त्रीपाशी. वन्संनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मला रोज तीन तास पाहिजेत. सलग. परीक्षेपर्यंत."

"बाई, माझी काय ना आहे का? पण काउंटरवर कोण उभं राहणार?"

"मी."

"तुम्ही?"

"मी आणि ही," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला विचारलंसुद्धा नव्हतं. माझ्या घरी कामाचा ढीग पडलेला. मी तोंड उघडलं होतं, पण त्या चिमीच्या वडिलांचा चेहरा बघितला आणि मिटलं. घरी येऊन मात्र मी वन्संना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मशीन तिकडेच नेऊ या का?"

तर असं आमचं बिऱ्हाड लाँड्रीत. रोज तीन ते सहा. मागे, कोटांच्या दांडीच्या पलीकडे, कपडे निवडायचं टेबल होतं, तिथे चिमीला बसवलं. पुढे वन्सं. धंद्याच्या दृष्टीनं म्हणाल तर आनंदच. एका बाईला त्यांनी विचारलं, शर्टावर शाईचा डाग पडलाच कसा, पेनाला टोपण नाही का. एका माणसाला पावती नीट जपायला हवी यावर पाच मिनिटं ऐकवलं. तो इतका घाबरला की जाताना 'येस मॅडम' म्हणाला. शेवटी पावत्या मी घ्यायला लागले आणि बिल्ले त्यांच्याकडे दिले. बिल्ल्यांना तरी उपदेश ऐकू येत नाही.

पण खरा घोळ वेगळाच निघाला. चिमीचे वडील. त्यांना हाक मारायची सवय. "चिमे, सव्वीस नंबर बघ." "चिमे, पाणी दे." "चिमे, कोण आलंय?" पहिल्या तासात अकरा हाका, मी मोजल्या. आणि ती पोर अकरा वेळा उठली. वन्सं मागे गेल्या तर ते बिचारे कानकोंडे. म्हणाले, "मुद्दाम नाही हो बाई. तोंडातून जातंय. ती पाच-सहा वर्षांची होती तेव्हापासून हे हात तिच्यावरच चालतात." दुसऱ्या दिवशी सात हाका. तिसऱ्या दिवशी मी बघते तर दातांत कपड्याचा लाकडी चिमटा धरून इस्त्री करतायत. हाक आली की चिमटा चावायचा. आधी मला इतकं हसायला आलं, मग हसवेना. बापमाणूस तोंडात चिमटा धरून घाम गाळतोय, पोरीला तीन तास मिळावेत म्हणून.

तरी काही एकदम जमलं नाही. दाराची घंटी वाजली की चिमीची मान वर. मी म्हटलं घंटी काढू. वन्सं म्हणाल्या नको, परीक्षेच्या हॉलमध्ये काय आवाज होणार नाहीत का. पहिल्या आठवड्यात ती चाळीस मिनिटं बसली. मग एक तास. एकदा तासाभरानं उठून निघालीच होती तर वन्सं तिच्यासमोर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. ती परत बसली. चौथ्या आठवड्यात दोन तास. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोन तास चाळीस मिनिटं. पूर्ण तीन तास ती एकदाही बसली नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

परीक्षेचा दिवस. दहा ते एक. आई त्या दिवशी उशिरा जायची परवानगी काढून, तिला सोडून मग कामावर गेली. येताना ती बसनं एकटी येणार होती. आम्ही दोघी उजाडल्या उजाडल्या दुकानात. वन्संनी त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाला काही शिकवलं नाही, यावरून काय ते समजा. साडेअकराला घंटी वाजली, तर तिघांच्याही माना एकदम वर. म्हटलं, आली उठून. एक बाई होती, पडदे घेऊन. परत घंटी, कुणाचा तरी कोट. बारा वाजून दहा मिनिटांनी वन्सं मला म्हणाल्या, "आता तिला दाराकडे बघावंसं वाटत असेल." मी म्हटलं, "गप्प बसा हो." एक वाजला. दीड वाजला, तेव्हा यायला हवी होती. दोन वाजले. वडिलांनी इस्त्री बंद केली. ते फुसफुसणं थांबल्यावर दुकान कसंतरीच वाटायला लागलं. माझ्या मनात नाही नाही ते. म्हटलं, त्या जुळ्यांच्या ताईसारखंच हिलाही बसवलं नसेल, मधेच उठून गेली असेल आणि तोंड दाखवायला लाजत असेल.

सव्वादोनला आली. वडील सवयीनं तोंडात धरलेला चिमटा तसाच ठेवून उभे. मग मीच विचारलं, "काय गं, उठलीस का मधेच?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. शेवटचे चार राहिले फक्त."

वन्सं खुर्ची ओढून बसल्या. मी म्हटलं, "मग इतका वेळ कुठे होतीस? इथे आमचा जीव टांगणीला."

चिमी खाली बघून हसली. "पेपर घेऊन गेले, सगळी मुलं गेली, तरी मी बसूनच होते. मग तिथल्या बाई म्हणाल्या, जा आता घरी. मग बसस्टॉपवर बसले. दोन बस जाऊ दिल्या." मग वडिलांकडे वळून, अगदी साधेपणानं, शाळेत आज काय झालं ते सांगावं तसं म्हणाली, "बाबा, तीन तासांत मला कुणी हाक मारली नाही. असं असतं हे मला माहीतच नव्हतं."

तक्रार नव्हती हो त्यात. एक कणही नव्हती. तेच ऐकवेना.

वडिलांनी तोंडातला चिमटा काढून खिशात ठेवला. दारापाशी गेले आणि शटर खाली ओढलं, भर कामाच्या दिवशी, दुपारी अडीचला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "बस अजून." ती मागे जाऊन त्या टेबलापाशी बसली. आम्हीही बसलो. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं, ते कुणी उघडलं नाही.

महिन्यानं निकाल लागला आणि चिमीला जागा मिळाली. पहिल्या यादीत नाही, दुसरीत, पण सरकारी कॉलेज आणि यंत्रांचीच शाखा. गाव सात तासांवर. ती गेली त्या दिवशी वडिलांनी स्वतः तिच्या बॅगेला मोडक्या बोटांनी बिल्ला टाचला, तो वाकडा लागला, तिनं तो तसाच राहू दिला.

आमचं मशीन परत घरी न्यायला आम्ही गेलो तेव्हा चिमीचे वडील म्हणाले, "बाई, काउंटरला मी आता एक बाई ठेवतोय. पण ते मागचं टेबल मोकळं आहे. दुपारचं." आणि इस्त्रीकडे वळले.

वन्संनी तिथूनच जुळ्यांच्या ताईला फोन लावला. तिचं काम दोनला सुटायचं, मग जुळे. जुळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न आला तेव्हा वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. या वेळी निदान तोंडानं विचारलं. तर आता ते दोघे रोज तीन ते सहा माझ्या घरी असतात, बटणांचे डबे उपडे करतात, मशीनच्या पायडलवर नाचतात, आणि मी त्यांच्यावर जेवढी ओरडते तेवढी आजवर वन्संवरही ओरडले नव्हते.

पहिल्या दिवशी मात्र जुळ्यांना शेजारणीकडे ठेवून मी मुद्दाम लाँड्रीत गेले होते. ती पोर काउंटरपाशी येऊन अवघडून उभी राहिली. एकोणीस वर्षांची, दुकानाचा निळा डगला अजून अंगात. हातात फोन, सारखी त्यात बघत होती. भाऊ पडले तर, कुणी बोलावलं तर. वन्सं तिला टेबलापाशी घेऊन गेल्या, पेपर समोर ठेवला. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, उठायच्या तयारीनं.

चिमीचे वडील इस्त्री सोडून पुढे आले. त्यांनी हात पुढे केला. "फोन माझ्याकडे दे. वाजला तर मी बघतो." तिनं वन्संकडे बघितलं, मग फोन दिला.

"आता नीट टेकून बस, बाळ," ते म्हणाले. "इथे तुला कुणी हाक मारणार नाही."